खोटा नऊ नंबर

शाळेत खिचडी शिजवायला लागून मला लई वर्सं झाली. वाडी आमची डोंगरात. घोडेगावावरनं येष्टी येती ती शाळेपाशी येऊन मागं फिरती, पुढं जायला रस्ताच न्हाई. शाळेला एकच गुरुजी. ते सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे, आज डाळ किती माप, तांदूळ किती माप. मी दुसरी शिकलेली, आकडं तेवढं वाचता येत्यात.

एक दिवस येऊन बगते तर कोपऱ्यात लिवलेलं, २-३-५. गुरुजी मिटिंगीला खाली गेलेले. मी इचार केला. दोन माप डाळ, हे ठीक. तीन माप तांदूळ, हेबी ठीक, पोरं कमी यायची असतील. पण पाच कशाचं? मीठ पाच माप कोण घालतं. मिरची घातली तर पोरं दुसऱ्या दिवशी शाळेची वाट धरायची न्हाईत. डब्यात वाटाणं व्हतं. पाच माप वाटाणं घातलं.

ती खिचडी कसली, उसळच झाली. तांदूळ हुडकून काढावा लागत व्हता. पोरांनी दोनदोनदा मागून घेतली. दुपारी गुरुजी आले, ताट घेऊन बसले, दोन घास खाल्ले आन माझ्याकडं बगाय लागले. मी फळा दाखवला. ते इतकं हसले की ठसका लागला. म्हणले, "मावशी, हे खिचडीचं माप न्हाई, फुटबॉलचं हाय."

हे गुरुजी जुन्नरकडचे. बायको-पोरं तिकडं, हे हितं शाळेशेजारच्या खोलीत एकटे. बिडी न्हाई, तंबाखू न्हाई, ह्या माणसाला एकच नाद, फुटबॉल. मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशातल्या मॅचा बगायचा आन फळ्यावर आकडं लिहून पुसायचा. त्या दिवशी ते खुशीत व्हते. पडवीत मी हिरडं वाळत टाकलं व्हतं. त्यातलं अकरा उचललं, वाटाणं अकरा घेतलं, आन जमिनीवर मांडून मला समदं सांगितलं.

सांगितलं ते असं. लई मागं, इंग्रजांनी हा खेळ काढला तवा एकदोघं मागं राहायचे आन बाकी समदे पुढं. बॉल जिकडं, तिकडं ह्यांची जत्रा. मंग कुणीतरी डोकं लावलं. दोन मागं, तीन मधी, पाच पुढं. तेच ते, ज्यात मी वाटाणं घातलं. हे लई वर्सं चाललं. मंग मागच्या दोघांना आवरंना, म्हणून मधला एक उचलून मागं आणला, तीन झालं. मंग तीनाचं चार झालं. पुढं पाचाचं चार, चाराचं तीन, मंग दोनच उरलं. त्याला चार-चार-दोन म्हणत्यात. आता तर बऱ्याच ठिकाणी पुढं एकटाच असतो, गोठ्याबाहेर बांधलेल्या कुत्र्यासारखा.

मी म्हणले, गुरुजी, म्हंजे इतकी वर्सं ह्या लोकांनी पुढचा माणूस उचलून मागं ठेवायचं एवढंच काम केलं. गुरुजींनी मांडलेलं हिरडं परत एकदा मोजलं. मंग म्हणले, तसं म्हणायला हरकत न्हाई.

हे इतक्यावर राहिलं असतं. पण त्या वर्षी संक्रांतीला शाळेत बायकांच्या शर्यती घ्यायच्या ठरल्या. दरसाली तेच, लिंबू-चमचा आन संगीत खुर्ची. गुरुजी म्हणले, यंदा फुटबॉल घेऊ. बायका हसल्या. कोणाकोणात खेळायचं इचारलं तर वरच्या घरची आक्का, माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ, ती म्हणली, वाडीत दोनच पार्ट्या हाईत, सासवा आन सुना. गुरुजींनी लगेच लिहून घेतलं. पयलं नाव माझं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी जात नसते, मालक जाऊन जमाना झाला, जाऊन करणार काय. पण बॉलच्या खेळाला कुंकू लागत न्हाई, म्हणून मी पुढं झाले.

भाताची कापणी होऊन गेलेली. शाळेखालचं मोठं खाचर मोकळं व्हतं. दोन्हीकडं बांबू रोवलं. ऑफसाईड का काय म्हणत्यात ते गुरुजींनी आमच्यापुरतं काढून टाकलं, न्हाईतर भांडणं झाली असती. शिट्टी वाजली आन झालं, इंग्रजांच्या पयल्या दिवसासारखं. बावीस बायका बॉलमागं. ज्यांना गोलात उभं केलं व्हतं त्याबी आल्या. आमी नऊवारीत, पाय मोकळं. सुना सहावारीत, दर चार पावलांना एकेक पडत व्हती. तरीबी आमी हरलो. झालं काय, बॉल आक्काच्या काष्ट्यात गेला. तिला कळंना बॉल कुठंय, ती "कुठंय, कुठंय" म्हणत आमच्याच बांबूत गेली आन तिथं खाली बसली. गुरुजींनी गोल दिला. आक्का आजबी म्हणती, बसणं हा गोल असतो का.

हरण्याचं काय न्हाई. पण दुसऱ्या दिवशी सुना चहा देताना हसाय लागल्या. प्रत्येक घरात एक कप चहा आन एक हसणं. माझी सून तर नुसती बशी ठेवायची आन पाठ फिरवून खांदं हालवायची.

माझ्या सुनेचं सांगते. पलीकडच्या खोऱ्यातली, वसतिगृहात राहून बारावी केलेली. कामाला वाघीण, बोलायला कमी, आन पोटात काय चाललंय ते तोंडावर दिसू द्यायची न्हाई. माझा लेक आळेफाट्याला पिकअप चालवतो, टोमॅटो-कांदा भरून कधी नाशिकला कधी कुठं. शनवारी घरी येतो, जेवतो, झोपतो, सोमवारी जातो. घरात आमी दोघीच. म्हंजे चार-चार-दोनातला दोन.

दुसऱ्या साली सासवांची मिटिंग माझ्या चुलीपाशी झाली. मी गुरुजींचं सांगितलेलं समद्यांना सांगितलं, की माणूस मागं आणायचा. आक्का म्हणली, मंग समदेच मागं आणू. तसंच केलं. दहा जणी आमच्या बांबूपुढं गोळा होऊन उभ्या, आन अकरावी बांबूला धरून. सुना ह्या वर्षी पंजाबी ड्रेस घालून आलेल्या, ओढण्या सावरत, पाचपाच जणी पुढं. बॉल यायचा, कुणाच्यातरी पोटऱ्यांना लागायचा आन परत जायचा. एकदा माझ्या कपाळाला लागला. मी हलले न्हाई. डोंगरात लाकडाच्या मोळीनं ह्याच्यापेक्षा जास्ती लागलंय. खेळ संपला, गोल कुणाचाच न्हाई. आमी जिंकलो असं धरून चाललो आन पेढं वाटलं.

गुरुजी म्हणले, मावशी, परदेशात एका टीमनं हेच करून नाव काढलं, त्या खेळाला ते लोक दाराची कडी म्हणायचे. मी म्हणले, कडी लावायला आमाला परदेशातनं शिकायला नको. सुना काय त्यावर गप्प बसणाऱ्या न्हवत्या. त्याबी गुरुजींना इचाराय लागल्या. गुरुजी दोन्हीकडनं बोलायचे, त्यांना काय, त्यांचा नाद पुरा व्हत व्हता.

तिसऱ्या सालची गोष्ट हीच खरी गोष्ट.

त्या सालच्या पावसाळ्यानंतर घोडेगावला एक कोर्स निघाला. दवाखान्यातल्या कामाचा, वर्षाचा. बीपी बगायचं, जखम बांधायची, बाळंतिणीला हात द्यायचा, असलं. सकाळी सातच्या येष्टीनं जायचं, सांजच्या येष्टीनं यायचं. सुनेनं कुठनं तरी कागद आणला आन माझ्यापुढं ठेवला. फॉर्म संक्रांत झाल्यावर आठ दिवसात भरायचा व्हता. लेकाला फोन लावला तर तो म्हणला, आईला इचार.

मी म्हणले, "पाणी कोण आणणार?"

आमच्याकडं नळ आलेत, पाणी यायचं हाय. पाणी खालच्या झऱ्यावरनं आणायचं. डोक्यावर दोन हंडं, कमरंला कळशी, आन चढ असा की गुडघा छातीला लागतो. चाळीस वर्सं मी आणलं. आता गुडघा बसला की उठत न्हाई. सून सकाळी चार खेपा करती, सांजला दोन. ती सातच्या येष्टीनं गेली तर पाणी कोण आणणार. एवढाच माझा हिशोब व्हता, खोटं कशाला बोलू.

बोलून झाल्यावर मात्र मला आठवलं. मी वीस-बावीसची असेन, पदरात लेकरू. बालवाडीच्या बाईनं मला मदतीला बोलावलं व्हतं. लेकरांना गाणी शिकवायची, खाऊ वाटायचा. मी सासूला इचारलं. सासू जातं ओढत व्हती, तिनं हात थांबवला न्हाई, मान वर केली न्हाई. म्हणली, पाणी कोण आणणार. मी परत इचारलं न्हाई. तिचं बोलणं माझ्या तोंडात इतकी वर्सं येऊन बसलेलं, मला पत्ताच न्हाई.

पण मी शब्द मागं घेतला न्हाई. सासूपणाचा एक ताठा असतो.

सूनबी परत बोलली न्हाई. ती बोलली ते संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, समद्यांच्या पुढं, खाचरात बांबू रोवताना. "आत्या, यंदा आमी जिंकलो तर मी घोडेगावला जाणार. हरलो तर कोर्सचं नाव काढणार न्हाई." बायकांनी बांबू सोडून माझ्याकडं बगितलं. आता सगळ्या वाडीपुढं न्हाई म्हणायचं म्हंजे भ्याले असं झालं असतं. मी म्हणले, चालंल. आक्कानं मला कोपर मारलं, म्हणली, बये, आता जिंकावंच लागंल, न्हाईतर हंडं तूच उचल.

मी लागले तयारीला. दुपारची खिचडी झाली की गुरुजींना धरायचं आन हिरडं मांडायचं. हिरडं आमी, वाटाणं सुना. एक दिवस गुरुजी रंगात आले. म्हणले, समद्यात पुढं असतो त्याच्या पाठीवर नऊ नंबर असतो, गोल करायचं काम त्याचं. पण हल्ली एक नवीन निघालंय मावशी, खोटा नऊ नंबर. तेवढ्यात खिचडी खाली लागल्याचा वास आला. मी उठले, पळत चुलीकडं गेले, ढवळलं, पाणी मारलं. परत आले तवर गुरुजींचं ते सांगून संपलेलं. माझी सून चावी द्यायला म्हणून शाळेत आली व्हती, ती दाराला टेकून उभी व्हती. तिनं समदं ऐकलं. मी गुरुजींना म्हणले, ते खोटं का काय ते राहू द्या, मला खरं तेवढं सांगा.

लागलेली खिचडी पोरांनी खाल्ली. मला मात्र ती अजून लागतीय.

मॅचच्या दिवशी माझा डाव असा व्हता. नुसतं मागं उभं राहून गोल व्हत न्हाई, आन आमाला गोल पायजे व्हता. म्हणून मी सांगितलं, प्रत्येकीनं आपापली सून धरायची. सून जिथं, सासू तिथं. बाकी कुणाकडं बगायचं न्हाई. बायकांना हे लई आवडलं, कारण हे काम त्या वर्सभर करतच असतात.

पयला भाग असा गेला. सुनांना कळलं की आमी त्यांच्या मागं हाय. त्यांनी बॉल सोडला आन आमाला फिरवाय लागल्या. एक इकडनं तिकडं, दुसरी तिकडनं इकडं, आन त्यांच्यामागं सासवा, वरातीतल्यासारख्या. दोघी सुना एकमेकींना आडव्या गेल्या तर त्यांच्या सासवा एकमेकींवर आदळल्या. एकीचं बाळ बांधावर रडाय लागलं, ती त्याला पाजायला घरी निघून गेली, तर तिची सासू तिच्यामागं घरापर्यंत गेली आन तिथंच चहा पिऊन आली. तेवढ्यात एका सुनेनं मोकळ्या वाटेनं बॉल नेला आन बांबूत घातला. एक गोल त्यांचा.

माझी सून माझ्यापुढं पळत व्हती. पळताना तिनं एकदा मागं वळून माझ्या गुडघ्याकडं बगितलं आन पळणं कमी केलं. मला त्याचा जास्त राग आला.

मधल्या सुट्टीत आमी बांधावर बसलो, तोंडाला पाणी लावलं. मी समोर बगत व्हते. तेच खाचर. पावसाळ्यात त्याच खाचरात आमी आवणी करतो, म्हंजे भाताची रोपं लावतो. खाचराच्या एका बांधाला समद्या बायका एका रांगेत उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टी येती, तिला आमी पात म्हणतो. आपली पात सोडायची न्हाई. वाकून रोपं खोवत मागं सरकायचं, समद्यांनी एकदम. तोंड पुढं, पाऊल मागं. एकीची पात वाकडी गेली की शेजारणीनं ओरडायचं. शेजारणीच्या पातीत साप निघाला तर ती बगून घेती, तुमी तुमची पात बगायची. असं मी पन्नास पावसाळं केलंय.

मालक गेला तेबी आवणीतच. दहावा झाला आन अकराव्या दिवशी मी पातीत उभी राहिले. लोक बोलले असतील. पण रोपं उपटून ठेवलेली, ती थांबत न्हाईत. माझ्या पातीत दुसरं कोण उभं राहणार व्हतं. पोर बांधावर टोपलीखाली झोपवलं आन मागं सरकत राहिले. रडायचं तेबी वाकूनच झालं, पाऊस असल्यानं कुणाला दिसलं न्हाई.

मी बायकांना म्हणले, सुना सोडा. आवणी करायची. चौघी मागं, एका रांगेत, आपापली पात. पातीत येईल त्या बॉलला लाथ. पातीतनं गेली ती सून शेजारणीची. पुढं चौघी, त्यांचीबी पात. आन आक्का आन एक चपळ पळणारी, दोघीच पुढं. आक्का म्हणली, हे अगोदर का न्हाई सांगितलंस. मी म्हणले, अगोदर कळलं न्हाई.

गुरुजी लांबनं बगत व्हते. आमी उभ्या राहिलो तशी त्यांनी बोटं मोजली आन शिट्टी तोंडात धरूनच राहिले. मंग मला कळलं की ते चार-चार-दोनच झालं व्हतं. इंग्रजांना त्याला किती वर्सं लागली ते गुरुजींनाच ठाऊक. आमाला एक तांब्याभर पाणी लागलं.

मंग जे झालं ते बगण्यासारखं व्हतं. सुना इकडनं तिकडं पळायच्या, आमच्यातली एकबी हलंना. बॉल आला की लाथ. सुना पुढं आल्या की आमी चौघी एकदम दोन पावलं मागं, तोंड त्यांच्याकडं. त्या दमल्या. एक बॉल मी असा उडवला की तो पार आक्काच्या पुढं पडला. आक्कानं डोळं मिटलं आन पाय उचलला. गोल. आक्का तीनदा इचारून आली की खराच गेला ना, आपल्याच बांबूत न्हाई ना.

एकास एक. थोडाच येळ राहिला व्हता. असंच संपलं असतं तर सुना जिंकल्या न्हाईत, म्हंजे कोर्स न्हाई. हे मला ठाऊक, सुनेला ठाऊक, बांधावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक.

माझी सून माझ्या पातीपुढं उभी व्हती. पुढं, एकटी. तिनं माझ्याकडं बगितलं. मंग ती हळूहळू मागं जाय लागली. गोलापासनं लांब, मधल्या बाजूला, बॉलकडं तिचं लक्षच न्हाई. मला वाटलं दमली. मंग ती थांबली, कमरंवर हात ठेवला, दुसऱ्या हातानं पदर न्हवता म्हणून ओढणी तोंडाला लावली, आन खाली वाकून उमासा आल्यागत केलं. एकदा. मंग परत.

तिच्या लग्नाला तीन वर्सं झाली व्हती. मी तोंडानं कधी काय इचारलं न्हाई. मनात काय व्हतं ते तिला ठाऊक व्हतं, ह्या घरात भिंतीला कान न्हाईत, पण आमी दोघीच असल्यावर कानाची गरजबी पडत न्हाई.

मी पात सोडली.

पन्नास पावसाळ्यात पयल्यांदा. गुडघा काय दुखला न्हाई, मी अशी पळाले. पळता पळता महिनं मोजत व्हते. श्रावण न्हाईतर भादवा, आवणी उरकलेली असंल, बरं पडंल. बाळंतपणाला माहेरी पाठवायची न्हाई, हितंच करायचं, असंबी ठरवून झालं. तिच्याजवळ पोचले, पाठीवर हात ठेवला, म्हणले, अगं, कितवा?

तिनं ओढणी बाजूला केली. डोळं हसत व्हते. म्हणली, "नववा, आत्या. नंबर."

आन माझ्यामागं आरडाओरडा झाला. मी सोडलेल्या पातीतनं दुसरी सून सरळ बॉल घेऊन गेली व्हती. बांबूत. शिट्टी वाजली आन खेळ संपला.

गुरुजी पळत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी, हसून की कशानं ते मला कळलं न्हाई. म्हणले, मावशी, हाच तो खोटा नऊ नंबर. पुढचा खेळाडू मुद्दाम मागं जातो, धरणारा त्याच्यामागं जातो, आन मागं दार उघडं राहतं. मोठमोठ्या मॅचात बगितला व्हता, आज खाचरात बगितला. मी म्हणले, गुरुजी, मी नऊ महिनं मोजत पळाले, आन निघाला नऊ नंबर, आन तोबी खोटा. गुरुजी खाली बसून हसाय लागले. मला हसू आलं ते जरा उशिरा, घरी गेल्यावर, चुलीपुढं.

आता ह्या पुढचं ऐका, कारण खरी लबाडी पुढं हाय.

बांधावरच्या बायकांना काय दिसलं? सून वाकलेली त्यांना नीट दिसलीच न्हाई, समद्यांच्या नजरा बॉलवर. त्यांना एवढंच दिसलं की मी माझी पात सोडून बाजूला गेले आन गोल झाला. आक्का माझ्या अंगावर धावून आली. तोंडात काय काय घोळत व्हतं तिच्या. पण जवळ आली आन थांबली. माझ्याकडं बगत राहिली. म्हणली, "तू मुद्दाम सोडलीस."

मी पदर नीट केला.

आक्का मागं वळून बायकांना सांगाय लागली. ही बाई मालक जाऊन दहाच दिवस झालं तवा पातीत उभी राहिली. हिच्या पायाला विंचू चावला तवा हिनं पात पुरी करून मंग सांगितलं. ही चुकून पात सोडंल व्हय. सुनंला शिकायला मिळावं म्हणून सोडली, आन तोंडानं बोलायचा कमीपणा नको म्हणून अशी सोडली. बायकांनी माना डोलावल्या. एकीनं डोळं पुसलं. दोघी सुना येऊन माझ्या पाया पडल्या. मी आशीर्वाद दिला. काय करणार.

मला फसलेली सासू व्हायचं व्हतं की मोठ्या मनाची, असं कुणी इचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते तुमीच समजून घ्या. मला कुणी इचारलंच न्हाई, न इचारता दिलं. आजबी वाडीत कुणाची सासू-सुनेची लागली की मला बोलावतात, मी जाते, खुर्चीत बसते, आन मोठ्या मनानं दोन शब्द सांगते. हे हितं सांगितलं ते एवढ्यासाठी की आमच्या वाडीत कोण पुस्तक वाचत न्हाई.

फॉर्म भरला. राहिलं पाणी. मी रात्रंदिवस इचार करत बसले न्हाई, गुरुजींचं हिरडं आठवलं. एवढी वर्सं त्या इंग्रजांनी केलं काय, तर पुढचा माणूस उचलून मागं आणला. आमच्या घरात पुढचा माणूस एकच, तो आळेफाट्याला. शनवारी लेक आला तसं त्याला सांगितलं, आता तू मागं. पिकअपमधी चार ड्रम घालून आणायचं, खालच्या गावच्या नळावरनं भरायचं, आन शनवार-रविवार दोन्ही दिवशी घरच्या टाकीत ओतायचं. मधी कमी पडलं तर झऱ्यावरनं एक खेप मी करंन, एक सून येष्टीच्या आधी करंल. लेक म्हणला, आई, माझी आठवड्याची सुट्टी. मी म्हणले, मला कवा व्हती. तो कुरकुरला, पण ड्रम आणलं. गुरुजींनी ह्याला काय नाव हाय ते सांगितलं, मी लक्षात ठेवलं न्हाई.

पयल्या दिवशी सून येष्टीला निघाली. मी शाळेत जातच असते, म्हणून तिच्याबरोबर चालले. डब्यात भाकरी आन वाटाण्याची उसळ दिली. येष्टी मागं फिरून उभी राहिली व्हती, कंडक्टर दार धरून. आक्का आन चारदोन बायका उगीच बगायला आलेल्या. आक्का मोठ्यानं म्हणली, अशी सासू मिळायला नशीब लागतं.

सुनंनं माझ्याकडं बगितलं. पायरीवर पाय ठेवला आन खाली वाकून, मलाच ऐकू येईल असं म्हणली, "आत्या, खरं काय झालं ते सांगू का ह्यांना?"

मी म्हणले, "सांग की. पण मंग पाणी कोण आणणार?"

ती हसत हसत आत गेली, खिडकीशी बसली. येष्टी वळणावर दिसेनाशी झाली तवर तिचे खांदे हालत व्हते. मी शाळेत आले. फळ्याच्या कोपऱ्यात लिवलेलं व्हतं, ४-२-३-१. गुरुजी वर्गात व्हते. मी त्यांना काय इचारलं न्हाई, तांदळाचा डबा उघडला.